'मानद' या एका शब्दाचा घोळ

फेब्रुवारी 2024 मध्ये जागतिक बुद्धिबळ संघटनेने पंजाबातले खेळाडू सुलतान खान यांना ग्रँडमास्टर हा खेळातला सर्वोच्च किताब दिला, तेव्हा त्यांना जाऊन 58 वर्षं होत आली होती. किताब 'मानद' आहे, म्हणजे निकष पूर्ण करून मिळवलेला नव्हे, सन्मान म्हणून दिलेला, आणि सगळा घोळ त्या शब्दातच आहे.

मुळात ग्रँडमास्टर हा किताब अधिकृतपणे द्यायला सुरुवात झाली 1950 मध्ये. पहिल्या यादीत 27 नावं. खान तेव्हा हयात होते, पण यादीत नव्हते. कारण सांगितलं जातं की त्यांनी 1933 नंतर खेळ सोडला होता. हे पटत नाही. त्याच यादीतल्या रूबिनस्टाइन यांनी तीसच्या दशकाच्या सुरुवातीलाच स्पर्धा सोडल्या होत्या, दुरास यांनी तर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. त्यांना जुनी पुण्याई चालली. तार्ताकोव्हर यांनाही किताब मिळाला. 1931 मध्ये त्यांना थेट लढतीत खान यांनीच हरवलं होतं. पंजाबातल्या या माणसाचं नाव रेटणारं तिथे कोणी नव्हतं, एवढंच म्हणावं लागतं.

लंडनमधली कारकीर्द जेमतेम पाच वर्षांची. 1929, 1932 आणि 1933 अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदं, तीन ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशोदेशीच्या संघांच्या स्पर्धेत, ब्रिटनकडून पहिला पट, म्हणजे संघातली अव्वल जागा. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत 1930-31 मध्ये माजी जगज्जेत्या कापाब्लांकावर विजय. आणि हे सगळं देशी पद्धतीत वाढलेल्या खेळाडूने केलं. तिथे प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरं नाहीत, किल्लेकोट (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) नाही; राजाला मात्र एकदाच घोड्याची अडीच घरं मिळतात. त्यामुळे त्यांचे सुरुवातीचे डाव अवघडलेले, शेवट मात्र लोखंडी.

ज्या जमीनदारांनी त्यांना विलायतेला नेलं, त्यांचे ते 'नोकर' होते असं इंग्रजी लिखाणात सर्रास येतं. खान यांच्या घरच्यांना ते मान्य नाही.

2024 च्या मथळ्यांत ते 'पाकिस्तानचे पहिले ग्रँडमास्टर' झाले. पाकिस्तानकडून ते एकही डाव खेळले नव्हते. ते खेळले तेव्हा तो देशच नव्हता. भारतात त्यांच्यावर सांगितले जाणारे हक्कही फार वेगळ्या प्रकारचे नाहीत म्हणा.

राहता राहिलं खेळ सोडण्याचं. डिसेंबर 1933 मध्ये ते परतले. 1935 मध्ये भारतीय खेळाडू व्ही. के. खाडिलकर यांच्याशी त्यांची दहा डावांची लढत झाली. खाडिलकरांच्या वाट्याला एक बरोबरी आली.