सायकल, डोकं आणि दोन सेंटिमीटर फोम

मूल सायकलवरून पडलं की आपण गुडघ्याला हळद लावतो आणि ‘पडल्याशिवाय सायकल येत नाही’ म्हणून मोकळे होतो. खरंच आहे ते. पण पडल्यावर डोक्यालाही मार बसायलाच हवा का? अमेरिकेतल्या सिएटल शहरातले बालरोगतज्ज्ञ फ्रेडरिक रिवारा या प्रश्नाच्या मागे लागले. मुलांना होणाऱ्या दुखापती आणि त्या टाळण्याचे उपाय, हाच त्यांच्या संशोधनाचा विषय.

हेल्मेट उपयोगी आहे असं वाटणं वेगळं आणि ते सिद्ध करणं वेगळं. हेल्मेट घालणारी मुलं मुळातच जपून चालवत असतील तर? रॉबर्ट आणि डायान थॉम्पसन यांच्यासोबत रिवारांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही शंका आधीच धरलेली होती. सायकलवरून पडून डोक्याला मार लागलेले २३५ जण एकीकडे घेतले. दुसरीकडे त्याच इस्पितळांच्या तातडीच्या विभागात आलेले ४३३ जण. तेही सायकलवरूनच पडलेले, पण कुणाचा हात मोडलेला, कुणाचं ढोपर फुटलेलं. म्हणजे पडलेल्यांची तुलना पडलेल्यांशीच! मला या अभ्यासातलं सगळ्यात सुंदर काही वाटत असेल तर ते हेच. शिवाय वर्षभरात सायकलवरून पडलेल्या, मग दवाखाना गाठलेला असो वा नसो, अशा ५५८ जणांचा तिसरा गटही होता.

डोक्याला मार लागलेल्यांपैकी हेल्मेट होतं फक्त ७ टक्के जणांकडे. इतर दोन गटांत हे प्रमाण २४ आणि २३ टक्के. वय, अनुभव, अपघाताची तीव्रता हे सगळं हिशेबात धरल्यावर डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्क्यांनी कमी दिसला. हा आकडा जरा जास्तच होता. २०१६ मध्ये ४० अभ्यास एकत्र तपासले तेव्हा डोक्याच्या दुखापतींसाठी ५१ आणि गंभीर दुखापतींसाठी ६९ टक्के घट आढळली. तीही थोडी नाही.

हे घडतं कसं? दीड मीटरवरून खाली येणारं डोकं जमिनीला टेकताना ताशी सुमारे २० किलोमीटर वेगात असतं. ते अर्ध्या सेंटिमीटरात थांबलं तर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३०० पट झटका बसतो. मध्ये दोन सेंटिमीटर चेपणारा फोम असेल तर हाच झटका ७५ पटींवर येतो. हेल्मेटचा कडकपणा नव्हे, त्याचं चेपणं डोकं वाचवतं.

पण शोधनिबंध वाचून कोणी मुलाच्या डोक्यावर हेल्मेट चढवत नाही. सिएटलमध्ये त्यासाठी मोहीम निघाली, सवलतीची कुपनं वाटली गेली. निरीक्षकांनी रस्त्यावर उभं राहून सायकल चालवणारी मुलं मोजली. सुरुवातीला हेल्मेट घालणारी मुलं साडेपाच टक्के होती, सोळा महिन्यांनी जवळपास १६ टक्के झाली. मोहीम नसलेल्या पोर्टलंडमध्ये हेच प्रमाण एकवरून तीन टक्क्यांच्या आतच राहिलं. इथेही तुलनेला दुसरं शहर घेतलेलं, हे विशेष.

घरात सायकलचं हेल्मेट असेल तर हातात घेऊन आत पाहा. पट्ट्यांमागचा तो पांढरा, दाणेदार फोम म्हणजे टीव्हीच्या खोक्यात येणाऱ्या थर्माकोलचाच जास्त घट्ट भाऊ. जोरात चेपल्यावर तो परत फुगत नाही. म्हणून डोकं आपटलेलं हेल्मेट वरून कितीही धड दिसलं, तरी ते बदलायचं.