लाळेच्या नमुन्यावर जुळलेलं प्रेम

सॅन डिएगोतली जेस डेव्हिस संख्याशास्त्रज्ञ आहे, एकटीने मुलगी वाढवते आणि डेटिंगला पुरती विटली आहे. डीएनएवरून जोड्या जुळवणाऱ्या एका कंपनीला ती लाळेचा नमुना देते आणि निकाल येतो १००पैकी ९८! तोही कोणाशी, तर कॅफेत रोज दिसणाऱ्या त्या तुसड्या माणसाशी, जो नेमका त्याच कंपनीचा संस्थापक जनुकशास्त्रज्ञ निघतो. क्रिस्टिना लॉरेन या टोपणनावाने दोघी मैत्रिणींनी लिहिलेल्या ‘द सोलमेट इक्वेशन’ (२०२१) या कादंबरीची ही सुरुवात. पुढचं सांगून मजा घालवत नाही. पत्रिकेतले ३६ गुण ऐकत वाढलेल्या आपल्याला हा आकड्यांचा खेळ तसा नवा नाहीच.

पण जनुकांवरून खरंच कोणी आवडतं का? या प्रश्नावर सगळ्यात गाजलेला प्रयोग घामाच्या वासाचा आहे. आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाची जनुकं असतात. शरीरातलं आपलं काय आणि परकं काय, हे प्रतिकारशक्तीला ओळखता येतं ते त्यांच्यामुळे. अवयवरोपणाआधी डॉक्टर जुळवून पाहतात ती हीच. १९९५ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे क्लाउस वेडेकिंड आणि सहकाऱ्यांनी ४४ तरुणांना दोन रात्री एकच टी-शर्ट घालून झोपायला लावलं आणि ४९ तरुणींना ते हुंगायला दिले. ज्यांची ही जनुकं स्वतःपेक्षा वेगळी, त्यांचा वास तरुणींना अधिक सुखद वाटला. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींचा कल मात्र उलटा निघाला.

निष्कर्ष लोभस होता, म्हणूनच पसरला. नंतरच्या प्रयोगांत तो कधी टिकला, कधी नाही. २००८मध्ये युरोपीय वंशाच्या अमेरिकी विवाहित जोडप्यांत असा फरक दिसला, नायजेरियातल्या योरुबा जोडप्यांत दिसला नाही. २०१०च्या फेरतपासणीत अमेरिकी जोडप्यांचा निष्कर्षही डळमळला. शिवाय हजारो लोकांच्या जोड्या ताडून पाहिल्या, तर काही आकडे निव्वळ योगायोगानेही वर जातात. जेसला संख्याशास्त्रज्ञ केलं, ही मला कादंबरीतली सगळ्यात हुशार चाल वाटते.

जनुकं ताडून लग्न ठरवण्याची पद्धत प्रत्यक्षात आहे, फक्त तिथे प्रेमाचा दावा नाही. टे-सॅक्स या आनुवंशिक आजारात मुलं बहुधा चार-पाच वर्षांच्या आतच दगावतात. या आजाराने स्वतःची चार मुलं गमावलेल्या रब्बाय (ज्यू धर्मगुरू) जोसेफ एकस्टाइन यांनी १९८०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ‘दोर येशोरिम’ ही संस्था काढली. कट्टर ज्यू समाजातल्या तरुणांची आधीच रक्ततपासणी होते आणि प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो. स्थळ आलं की दोन्ही क्रमांक संस्थेला कळवायचे. दोघंही एकाच आजाराचे वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी सदोष जनुक बाळगणारे, असतील तरच ती ‘नको’ म्हणते. एकटाच वाहक असेल, तर त्याचा बोभाटा नाही.

आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी होते, तिचं गणितही हेच. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. एकच वाहक आणि दुसऱ्याचं हिमोग्लोबिन निर्दोष, तर बाळाला आजार नाही. फार तर तेही वाहक होईल.