हिरा पोटाकडून बघावा

पुण्यात सोन्या मारुती चौकाच्या आसपास कुठल्याही सराफाकडे हिऱ्याच्या काउंटरवर थोडा वेळ उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर येतो: "हा हिरा किती कॅरेटचा? अठरा की बावीस?" घोटाळा शब्दाचा आहे. सोन्याचं कॅरेट म्हणजे शुद्धता, चोवीस भागांत किती भाग सोनं ते. हिऱ्याचं कॅरेट म्हणजे निव्वळ वजन: एक कॅरेट २०० मिलिग्रॅम, आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. तीस सेंटचा खडा ६० मिलिग्रॅमचा. दर्जाबद्दल हा आकडा काहीच बोलत नाही.

त्यानंतरचे प्रश्न कलर नि क्लॅरिटीचे, म्हणजे रंगाची झाक आणि आतले डाग-चिरा यांचे. कट म्हणजे मात्र गोल, चौकोनी की बदामी, एवढंच बहुतेकांना वाटतं. तो झाला आकार. कट म्हणजे पैलूंचे कोन, आणि हिऱ्याची सगळी मजा तिथेच आहे.

दहावीतलं पूर्ण आंतरिक परावर्तन आठवा. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, म्हणून क्रांतिक कोन जेमतेम २४.४ अंश (कोन पैलूवरच्या लंबापासून मोजायचा). आतून याहून तिरका आलेला किरण बाहेर पडूच शकत नाही, आरशावरून परतावा तसा परततो. गोल हिऱ्याचा वरचा सपाट पैलू म्हणजे टेबल, कडेचा पट्टा म्हणजे गर्डल, आणि त्याखालचा निमुळता भाग, हिऱ्याचं पोट, म्हणजे पॅव्हेलियन. या पोटाचा उतार गर्डलच्या पातळीपासून ४०.७५ अंश असावा, असं गणित मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली मांडलं.

आता टेबलातून एक किरण सरळ खाली सोडू. तो पोटाच्या पैलूवर ४०.७५ अंशांनी आदळतो आणि परततो. समोरच्या पैलूवरचा कोन १८० उणे ३ × ४०.७५, म्हणजे ५७.७५ अंश. तिथूनही परततो. आता तो वर निघालाय, पण उभ्या रेषेपासून १७ अंश कलून. हा कोन २४.४ पेक्षा कमी, म्हणून टेबलातून सुटका होते आणि हवेत शिरताना वाकून किरण ४५ अंशांत बाहेर पडतो.

हीच वाट उलटी चाला. वरून बघणाऱ्याच्या डोळ्यात येतो तो बाजूचा, ४५ अंशांवरचा उजेड: खिडकीचा, दिव्याचा. पोट खोल करून ४४ अंश केलं तर आतलं कलणं ४ अंशच उरतं, बाहेर दहाच्या आत. मग हिऱ्यात दिसतं बघणाऱ्याचं स्वतःचं डोकं, आणि डोकं काही उजेड देत नाही! मधोमध काळा ठिपका पडतो. धंद्यात त्याला नेलहेड म्हणतात. पोट फार उथळ असेल तर टेबलाच्या आत गर्डलचं राखाडी कडं दिसतं, तो फिशआय. आणि नेमक्या याच कोनांत काच कापली तर? काचेचा क्रांतिक कोन ४१.८ अंशांच्या आसपास, त्यामुळे तो उभा किरण पहिल्याच पैलूतून खाली गळतो.

पोट खोल ठेवण्यामागे हिशेब वजनाचा असतो. पूर्ण एक कॅरेट भरला की दर उडी घेतो, म्हणून वजन पोटात नाहीतर जाड गर्डलमध्ये राखलं जातं. नीट पाडलेला एक कॅरेटचा गोल हिरा सुमारे ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. ६.१ भरला, तर फरकाचे पैसे न दिसणाऱ्या भागात गेले. प्रमाणपत्रावरची आकृती वाचा: पॅव्हेलियन ४०.६ ते ४१ अंश, क्राउन, म्हणजे गर्डलच्या वरचा उतार, ३४ ते ३५, टेबल व्यासाच्या ५४ ते ५८ टक्के, खोली ६० ते ६२ टक्के. मग खडा स्पॉटलाइटखालून काढून दाराशी, सावलीतल्या उजेडात बघा. स्पॉटलाइटखाली काचही चमकते.

क्लॅरिटी दहापट भिंगाखाली ठरते. व्हीएस२ या मधल्या श्रेणीच्या हिऱ्यातला डाग नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. डाग कुठे आहे ते महत्त्वाचं: टेबलाखालचा काळा कण पैलूंत अनेकदा उमटतो, गर्डलपर्यंत आलेली चीर ठोक्याने वाढू शकते. हिरा कठीण आहे, चिवट नाही, घणाने फुटतो. काळ्या ठिपक्याने घरावर अरिष्ट येतं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की तो ठिपका बहुधा ग्रॅफाइट किंवा दीडशे किलोमीटर खोलीवरचं एखादं खनिज असतं. भूवैज्ञानिक असलेच हिरे शोधत असतात.

कलरची पिवळट झाक नायट्रोजनमुळे येते. श्रेणी डीपासून, म्हणजे अगदी रंगहीन हिऱ्यापासून, सुरू होते. पिवळ्या सोन्यात जी-एच कलर पुरे. डीसाठी जादा मोजण्यात अर्थ नाही. प्रयोगशाळेतला हिराही कार्बनच, कोनांचं गणित तेच. दुकानातलं उष्णता मोजणारं पेन त्याला अस्सलच म्हणणार, त्यामुळे तो खाणीतला की प्रयोगशाळेतला हे बिलावर लिहून घ्या.

घरी आणल्यावर चमक गेली, तर दोष बहुधा तेलाचा. हिऱ्याला पाणी धरत नाही, तेल घट्ट धरतं. खोबरेल तेलाचा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास. पोटावर त्याचा थर बसला की क्रांतिक कोन २४.४ वरून ३७ अंशांवर जातो. ४०.७५ अंशांनी आदळणाऱ्या किरणाची सोळा अंशांची सवड चारवर येते आणि जरा तिरके किरण खालून निसटतात. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब आणि मऊ टूथब्रश घेऊन अंगठी मागच्या बाजूने घासा. बेसिनच्या भोकावर जाळी ठेवा. कुंदनकामाला मात्र पाणी लावू नका. त्यातल्या चपट्या खड्यांना पोटच नसतं, आरशाचं काम मागचा वर्ख करतो, आणि ओल शिरली की तो काळा पडतो.