उपमा (आकलनातील साहित्यसंज्ञा)

दोन भिन्न वस्तूंमधले साम्य मनाला भिडेल अशा रीतीने सांगणारा अर्थालंकार (शब्दांच्या नादावर नव्हे, अर्थावर उभा असलेला अलंकार). अंगे चार : उपमेय (जिचे वर्णन चालले आहे ती वस्तू), उपमान (जिच्याशी तिची तुलना होते ती), साधारण धर्म (दोहोंत सारखा असलेला गुण) आणि साम्यवाचक शब्द (जसा, सारखा, परी, सम). चारही अंगे असली तर पूर्णोपमा. एखादे गळले तर लुप्तोपमा.

भरताच्या नाट्यशास्त्रात (काळ बहुधा इ.स.पू. 200 ते इ.स. 200 च्या दरम्यान) उपमा, रूपक, दीपक व यमक एवढेच अलंकार येतात. पुढच्या संस्कृत काव्यशास्त्रकारांत भामह आधीचा की दंडी, हा वाद जुना आहे. दोघेही साधारण सातव्या-आठव्या शतकांतले. भामह मेधावी या आपल्या आधीच्या शास्त्रकाराच्या नावावर सात उपमादोष देतो. उपमेय व उपमान यांच्यातील लिंगभेद आणि वचनभेद त्यांत मोडतात. जाणत्याला खटकत नसेल तर तो दोष नव्हे, असे दंडी म्हणतो. हे भामहाला दिलेले उत्तर, म्हणजे भामह आधीचा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र दोघांनीही मेधावीलाच समोर ठेवले असणे अशक्य नाही.

खानदेशात या संज्ञा शिकवायला बहिणाबाई चौधरी (1880–1951, आसोदे, जि. जळगाव) यांच्या लेवा बोलीतल्या ओळी फार उपयोगी पडतात. ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर / आधी हाताला चटके, तंव्हा मियते भाकर’ : संसार उपमेय, तवा उपमान, ‘जसा’ साम्यवाचक. साधारण धर्म पहिल्या ओळीत नाहीच. तेवढीच वाचली तर उपमा धर्मलुप्ता ठरते. म्हणून ‘संसाराला तव्याची उपमा का दिली?’ यावर ‘दोन्ही तापतात’ हे उत्तर अपुरे पडते. आधी चटके, मग भाकर, हा क्रम उत्तरात यायलाच हवा. तवा डोळ्यांपुढे चटकन उभा राहतो, त्यामुळे पुष्कळ विद्यार्थी त्यालाच उपमेय लिहून बसतात. अशा वेळी पुढची कडवी कोणाबद्दल आहेत ते पाहावे. ती संसाराबद्दल आहेत.

‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’ येथे साम्यवाचक शब्द नाही, मनालाच ढोर म्हटले आहे. म्हणून हे रूपक. वढाय म्हणजे हाकलले तरी पुन्हा पिकात शिरणारे ओढाळ जनावर. हा अर्थ ठाऊक नसेल तर अलंकार ओळखूनही आकलन अडते. ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’ आले की बहुधा उत्प्रेक्षा (उपमेय हे जणू उपमानच, अशी कल्पना).

‘जसा’ दिसला की उपमा, असे मात्र धरू नये. ‘जसा आला तसा गेला’ यात तो केवळ रीत दाखवतो. तुलनेला दुसरी वस्तूच नाही.