विमानतळावरील सीमा तपासणी

परदेशातून विमानाने आलेल्या प्रवाशाला देशात प्रवेश देण्यापूर्वी विमानतळावर केली जाणारी ओळख, कागदपत्रे, सामान व आरोग्य यांची शासकीय तपासणी. व्यवहारात तिचे तीन भाग पडतात : आप्रवासन (इमिग्रेशन), सीमाशुल्क (कस्टम्स) आणि आरोग्य व जैवसुरक्षा. ही कामे बहुधा वेगवेगळ्या खात्यांकडे असतात व त्यांचे कायदेही निरनिराळे असतात. काही देशांनी मात्र ती एकाच यंत्रणेकडे सोपवली आहेत. विमानातून उतरलेला माणूस भौगोलिक दृष्ट्या देशात पोहोचलेला असतो, पण कायद्याने त्याचा प्रवेश अजून व्हायचा असतो. या विषयातले बरेचसे कज्जे या फटीतून निघालेले आहेत.

तपासणीचा क्रम जगभर जवळपास सारखा आहे. गरज असल्यास प्रथम आरोग्य, मग पारपत्र, त्यानंतर सामान ताब्यात घेणे आणि शेवटी सीमाशुल्क.

उगम : विमानतळावरील तपासणीचे मूळ कशात शोधावे, याविषयी एकमत नाही. एका मताप्रमाणे ती बंदरातील व्यवस्थेची थेट वारस आहे. रगूसा (आताचे डुब्रॉव्हनिक) येथे १३७७मध्ये साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना ३० दिवस शहराबाहेर ठेवण्याचा नियम झाला. व्हेनिसने १४२३च्या सुमारास एका बेटावर कायमचे रुग्णालय व विलगीकरणगृह उभारले. पुढे जहाजाने पिवळे निशाण लावून आरोग्य अधिकाऱ्याची वाट पाहायची, त्याने मोकळीक दिल्यावरच बाकीच्यांची ये-जा सुरू व्हायची, अशी पद्धत बंदरांत रुळली. वर सांगितलेला क्रम तिच्याशी इतका जुळतो, की हा योगायोग मानणे अवघड आहे.

दुसरे मत पहिल्या महायुद्धाला महत्त्व देते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम युरोपात बहुतेक ठिकाणी पारपत्राशिवाय फिरता येत असे. १९१४नंतर युद्धकाळापुरती म्हणून आणलेली पारपत्रसक्ती युद्ध संपल्यावरही उठली नाही. लंडनजवळील हाउन्स्लो हीथ येथून पॅरिसला रोजची विमानसेवा २५ ऑगस्ट १९१९ रोजी सुरू झाली, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानवाहतूक जन्मली तीच पारपत्राच्या अमलाखाली. समाजशास्त्रज्ञ जॉन टॉर्पी यांनी मात्र हा धागा आणखी मागे, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील वादांपर्यंत नेला आहे. लोकांच्या हालचालीवरील वैध अधिकार राज्यसंस्थेने स्वतःच्या मक्तेदारीत घेण्याची ती दीर्घ प्रक्रिया होती, असे त्यांचे प्रतिपादन आहे. इंग्लंडमध्ये पाचव्या हेन्रीच्या कारकिर्दीत १४१४ साली झालेल्या कायद्यापासून पारपत्राचा आरंभ मोजण्याचा प्रघातही आहे; परंतु तो कायदा अभयपत्रांविषयीचा होता आणि त्याला आजच्या पारपत्राचा पूर्वज ठरवणे ओढूनताणून वाटते.

ही मते एकमेकांना छेद देतातच असे नाही. हाउन्स्लो हीथ आणि १९२०मध्ये त्याची जागा घेणारे क्रॉयडन हे विमानतळ सरकारदप्तरी सीमाशुल्क विमानतळ म्हणून नेमले गेले होते, यावरून जागेची मांडणी व अधिकाऱ्यांची रचना बंदराकडून आली, असे म्हणता येते. प्रवाशाकडे मागितला जाणारा कागद मात्र महायुद्धाने दिला. दुसऱ्या मताच्या पुरस्कर्त्यांनी जकातीचा भाग थोडा दुर्लक्षिलेलाच आहे.

राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९२०मध्ये पॅरिसला भरलेल्या परिषदेने पारपत्राचा नमुना ठरवला : ३२ पानांची पुस्तिका, आकार १५·५ × १०·५ सेंमी., मजकूर किमान दोन भाषांत व त्यांपैकी एक फ्रेंच. पारपत्रे नजीकच्या काळात रद्द करता येतील, अशी आशाही याच परिषदेने नोंदवली होती.

कायदेशीर चौकट : शिकागो येथे ७ डिसेंबर १९४४ रोजी झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक कराराच्या १३व्या कलमाप्रमाणे प्रवाशांवर आगमनाच्या देशाचे प्रवेश, पारपत्र, सीमाशुल्क व विलगीकरण यांविषयीचे नियम बंधनकारक असतात. १९४९मध्ये स्वीकारलेले या कराराचे नववे परिशिष्ट प्रक्रिया सुलभ करण्याविषयी आहे. नेहमीच्या तपासणीपलीकडे काही करावे लागणार नसेल, तर विमानातून उतरल्यापासून ४५ मिनिटांत प्रवासी मोकळा व्हावा, असे उद्दिष्ट त्यात सुचवले आहे. ती शिफारस आहे, सक्ती नाही. गर्दीच्या विमानतळांवरील रांगा पाहता हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

प्रस्थानापूर्वीचे नियंत्रण : तपासणीचा मोठा भाग आता प्रवासी विमानात बसण्यापूर्वीच उरकतो. राज्यशास्त्रज्ञ अरिस्टाइड झोलबर्ग यांनी याला दूरनियंत्रण म्हटले आणि त्याची मुळे अमेरिकेने १९२०च्या दशकात परदेशातील वकिलातींत व्हिसा देण्याची पद्धत बसवली, तिच्यात दाखवली. त्याआधीच, १८९१च्या अमेरिकी कायद्याने, प्रवेश नाकारलेल्यांना परत नेण्याचा भार जहाज कंपन्यांवर टाकला होता. विमान कंपन्यांवरील आजची जबाबदारी हे त्याचेच रूप होय. अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी आणल्यास अनेक देश कंपनीला दंड करतात. म्हणून चेक-इन काउंटरवरील कर्मचारी ‘टिमॅटिक’ या माहितीसंचात गंतव्य देशाचे नियम पाहूनच बोर्डिंग पास देतो. पारपत्राची मुदत सहा महिने उरलेली असावी, परतीचे तिकीट असावे, अशा अटींवर प्रवासी अडतो तो बहुधा येथेच, उतरल्यावर नव्हे.

प्रवाशांची माहिती विमानाच्या आधी पोहोचवण्याची पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या २०१४ व २०१७मधील ठरावांनंतर वेगाने पसरली. व्हिसा न लागणाऱ्यांसाठी इलेक्ट्रॉनिक पूर्वपरवानगी ऑस्ट्रेलियाने १९९६मध्ये आणली. अमेरिकेने ती जानेवारी २००९पासून सक्तीची केली. याहून पुढची पायरी म्हणजे पूर्वतपासणी. टोरांटो येथे १९५२पासून अमेरिकी अधिकारी प्रस्थानाच्या ठिकाणीच तपासणी करतात, त्यामुळे तेथून निघालेले विमान अमेरिकेत देशांतर्गत विमानासारखे उतरते.

यंत्रवाच्य पारपत्र : काउंटरवरील अधिकारी पारपत्र हाती घेतो तेव्हा पहिले काम यंत्राचे असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने (इकाओ) १९६८मध्ये या प्रश्नावर अभ्यासगट नेमला व १९८०मध्ये दस्तऐवज क्र. ९३०३ची पहिली आवृत्ती काढली. माहितीचे पान १२५ × ८८ मिमी. असते. त्याच्या तळाशी प्रत्येकी ४४ चिन्हांच्या दोन ओळी असतात. पहिलीत दस्तऐवजाचा प्रकार, देणारा देश, आडनाव व नाव. दुसरीत पारपत्र क्रमांक, नागरिकत्व, जन्मतारीख, लिंग, मुदत व ऐच्छिक क्रमांक. रिकाम्या जागा कोनचिन्हाने (<) भरतात. नाव लांब असल्यास ते कापले जाते. जन्मवर्षाचे दोनच अंक असल्याने शतक यंत्राला अंदाजाने ठरवावे लागते. राज्यविहीन व्यक्तींसाठी व निर्वासितांसाठी नागरिकत्वाच्या जागी वेगळी सांकेतिक अक्षरे ठरलेली आहेत.

दुसऱ्या ओळीत पडताळा अंक असतात. त्यांची रीत अशी : प्रत्येक चिन्हाच्या मूल्याला डावीकडून क्रमाने ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ यांनी गुणायचे, गुणाकारांची बेरीज करायची आणि तिला १०ने भागून उरलेली बाकी लिहायची. रोमन अक्षरांना १० ते ३५ ही मूल्ये, कोनचिन्हाला शून्य. १४ ऑगस्ट १९८५ ही तारीख ८५०८१४ अशी लिहिली जाते; ५६ + १५ + ० + ५६ + ३ + ४ = १३४, म्हणून पडताळा अंक ४. पहिल्या दोन अंकांची अदलाबदल होऊन ५८०८१४ वाचले गेले, तर बेरीज १२२ येते, पडताळा २ पडतो आणि यंत्र वाचन नाकारते. या रीतीला एक छिद्र मात्र आहे. शेजारच्या दोन अंकांत ५चा फरक असेल (उदा., २ व ७, किंवा १ व ६), तर त्यांची अदलाबदल तिला पकडता येत नाही, कारण शेजारील गुणकांतील फरक नेहमी सम असल्याने बेरजेत पडणारा फरक १०च्या पटीत येतो. म्हणून या अंकांचा उपयोग वाचनातील चूक टिपण्यापुरता. बनावट पारपत्र ओळखण्याशी त्यांचा संबंध नाही.

बनावटगिरीविरुद्धची तरतूद चिपमध्ये आहे. चिपयुक्त पारपत्र सर्वप्रथम मलेशियाने १९९८मध्ये काढले, पण ते इकाओच्या पुढील प्रमाणाप्रमाणे नव्हते. इकाओने २००३मध्ये जगभर चालणारी मुख्य जैविक ओळख म्हणून चेहरा निवडला. बोटांचे ठसे व बुबुळे ऐच्छिक ठेवली. चिपमध्ये छायाचित्र व वरील दोन ओळींचा मजकूर असतो आणि त्यावर देणाऱ्या देशाची डिजिटल सही असते. मूळ पद्धतीत चिप उघडण्याची किल्ली पारपत्र क्रमांक, जन्मतारीख व मुदत यांपासून तयार होते. पारपत्र काचेवर नीट सपाट न ठेवल्यास यंत्र अडते ते यामुळेच : आधी ओळी वाचल्याशिवाय त्याला चिपशी बोलता येत नाही. सही तपासण्यासाठी लागणाऱ्या सार्वजनिक किल्ल्यांचा (पब्लिक की) इकाओचा संग्रह २००७पासून चालू आहे; सर्व देश त्यात सहभागी नाहीत. केवळ हाताने लिहिलेली पारपत्रे २४ नोव्हेंबर २०१५नंतर चलनात राहू नयेत, असे ठरले होते.

काउंटरवरील तपासणी : पारपत्र इंटरपोलच्या हरवलेल्या व चोरीस गेलेल्या प्रवासी कागदपत्रांच्या सूचीशी (स्थापना २००२) तसेच देशाच्या स्वतःच्या याद्यांशी ताडले जाते. मग प्रश्न येतात : येण्याचा हेतू, मुक्कामाचा पत्ता व कालावधी, खर्चाची सोय. व्हिसा हा प्रवेशाचा हक्क नसतो. बहुतेक देशांत अंतिम निर्णय काउंटरवरील अधिकाऱ्याचा असतो. समाधान न झाल्यास प्रवाशाला दुय्यम तपासणीसाठी वेगळ्या खोलीत नेतात. तेथे दूरध्वनीवरून यजमानाकडे चौकशी, सामानाची झडती, काही देशांत मोबाइलचीही पाहणी होते. पहिल्या टप्प्यावर जाणारा वेळ व या खोलीत जाणारा वेळ यांची तुलनाच होऊ शकत नाही.

परदेशी प्रवाशांच्या बोटांचे ठसे घेण्याची पद्धत अमेरिकेने जानेवारी २००४मध्ये व जपानने नोव्हेंबर २००७मध्ये विमानतळांवर सुरू केली. ऑस्ट्रेलियाचे स्वयंचलित ‘स्मार्टगेट’ २००७चे. अशा ई-गेटमध्ये समोरच्या चेहऱ्याची तुलना चिपमधील एकाच छायाचित्राशी होते. जमावातून एखादा चेहरा शोधण्यापेक्षा हे काम सोपे आहे. चष्मा, टोपी, सावली यांमुळे जुळणी फसते व प्रवासी माणसाच्या काउंटरकडे पाठवला जातो. शिक्का मारण्याची प्रथा मागे पडत आहे. आपसातील सीमांवर नेहमीची तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या शेंगेन क्षेत्राने १२ ऑक्टोबर २०२५पासून टप्प्याटप्प्याने युरोपीय संघ व शेंगेन क्षेत्र यांबाहेरील देशांच्या अल्पकालीन प्रवाशांची नोंद चेहरा व बोटांचे ठसे यांसह संगणकावर घ्यायला सुरुवात केली. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस ही मुक्कामाची मर्यादा पूर्वी शिक्के मोजून पाहावी लागे. अस्पष्ट शिक्क्यांचा फायदा-तोटा दोन्ही बाजूंना होत असे.

प्रवेश नाकारणे व संक्रमण क्षेत्र : प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला प्रवासाच्या आरंभस्थानी, किंवा जेथे त्याला घेतले जाईल अशा अन्य ठिकाणी परत नेणे हे विमान कंपनीचे काम असते. आश्रय मागणाऱ्याबाबत १९५१च्या निर्वासितविषयक कराराचे ३३वे कलम लागू होते व जिवाला वा स्वातंत्र्याला धोका असेल तेथे त्याला धाडता येत नाही. विमान बदलणारे किंवा प्रवेश न मिळालेले प्रवासी थांबतात ते संक्रमण क्षेत्र (ट्रान्झिट झोन) म्हणजे कोणत्याच देशाची हद्द नव्हे, हा समज फार पसरलेला आहे. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर २० दिवस अडकवून ठेवलेल्या सोमाली आश्रयार्थींच्या ‘अम्युर विरुद्ध फ्रान्स’ या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २५ जून १९९६ रोजी तो फेटाळला. क्षेत्राला आंतरराष्ट्रीय नाव असले, तरी तेथे फ्रान्सचाच कायदा चालतो, असे न्यायालयाने ठरवले. अन्य खंडांत या प्रश्नावर इतका स्पष्ट निर्णय विरळा.

सीमाशुल्क : तांबड्या व हिरव्या मार्गांची पद्धत १९७०च्या दशकाच्या आरंभापासून आंतरराष्ट्रीय शिफारशींत आली व १९९९च्या सुधारित क्योटो करारात कायम झाली. हिरव्या मार्गाचे चिन्ह अष्टकोनी व तांबड्याचे चौकोनी असते, त्यामुळे रंगांधळ्यालाही फरक कळतो. हिरव्या मार्गाने चालत जाणे हेच ‘जाहीर करण्याजोगे काही नाही’ असे निवेदन ठरते. पुढे माल सापडल्यास विसरलो ही सबब बहुधा चालत नाही. रोख रकमेसाठी वेगळी मर्यादा असते. अमेरिकेत १०,००० डॉलरवर, युरोपीय संघात १०,००० युरो वा त्याहून अधिक रक्कम घोषित करावी लागते. रक्कम नेण्यास मनाई नसते, गुन्हा असतो तो न सांगण्याचा. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे भर करापेक्षा जैवसुरक्षेवर असून फळ, बी, बुटाला चिकटलेली माती यांचीही तपासणी होते.

जोडविमान घेणाऱ्याला सामान कोठे मिळेल हे देशागणिक बदलते. अमेरिकेत सामान्यतः पहिल्याच विमानतळावर सामान ताब्यात घेऊन सीमाशुल्कातून नेऊन पुन्हा सोपवावे लागते.

आरोग्य : जागतिक आरोग्य संघटनेचे २००५चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम १५ जून २००७पासून अमलात आहेत. नेहमीच्या काळात त्यांतील पीतज्वराच्या लसीचा दाखला तेवढा प्रवाशाच्या अनुभवाला येतो. तो लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतो व ११ जुलै २०१६पासून आजीवन चालतो. साथीच्या प्रदेशातून दाखल्याशिवाय आलेल्या प्रवाशाला, संसर्गाच्या शेवटच्या शक्यतेपासून जास्तीत जास्त सहा दिवस विलगीकरणात ठेवता येते.