पैसे वसूल करणारी क्राफ्ट बिअर कशी ओळखायची?

काउंटरवर आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "यातली चांगली कुठली?" आम्ही उत्तर दिलं तरी ते आमच्या जिभेचं असतं, तुमच्या नव्हे. म्हणून आम्हीच उलट विचारतो, "मागच्या वेळी कुठली नेली होतीत, आणि संपवलीत का?"

पहिला घोट कुठल्याही बिअरचा छान लागतो, त्यातून ती थंडगार असेल तर बघायलाच नको. खरी परीक्षा ग्लासात शेवटचे चार घोट उरतात तेव्हा होते. फेस बसलेला असतो, थंडपणा गेलेला असतो आणि बिअरला लपायला जागा नसते. तिथेही ती आवडली, तर तिचे पैसे फिटले. हे पत्रक अशी बिअर कमी फसगतीत कशी सापडेल यासाठी आहे.

आधी मापं बघा

शेल्फवरच्या दोन किमती नुसत्या शेजारी ठेवून पाहिल्या तर चुकायला होतं, कारण मापं वेगवेगळी असतात. ३३० मिलीची बाटली हा पाया धरा. ५०० मिलीचा कॅन तिच्या दीडपट किमतीला मिळत असेल तर दोन्ही सारखेच पडले. ४४० मिलीसाठी सव्वापटीहून थोडं जास्त, ७५० मिलीच्या मोठ्या बाटलीसाठी सव्वादोन पट. याच्या वर किंमत गेली की कारण विचारा. कारण असू शकतं, पण ते कळायला हवं.

नळाची बिअर घेताना 'पाइंट' या शब्दावर विसंबू नका. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलीचा, अमेरिकन ४७३ चा. म्हणजे सहावा हिस्सा कमी, आणि नाव तेच.

काही जण किमतीला अल्कोहोलच्या टक्क्याने भागतात. तो हिशेब नशेचा झाला, चवीचा नाही, आणि त्यात आम्ही पडत नाही. टक्का मात्र जरूर वाचा. ५ टक्क्यांच्या ५०० मिलीत २५ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. १० टक्क्यांच्या स्टाउटच्या (काळ्या, दाट बिअरच्या) ३३० मिलीत ३३ मिली. ती छोटी, महाग दिसणारी बाटली खरं तर दोघांची आहे. दोन लहान ग्लासांत वाटून घेतली की तिची किंमतही एकदम वेगळी दिसायला लागते.

पैसे नेमके कशाचे?

बिअरमध्ये मूळ चारच गोष्टी: पाणी, माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं-भाजलेलं धान्य (बहुतेक वेळा जव), हॉप्स म्हणजे कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं, आणि साखरेचं अल्कोहोल करणारं यीस्ट. महागाई येते ती यातलं काय किती घातलं आणि टाकी किती दिवस अडवून ठेवली, यावरून.

साध्या लागरला (थंडीत आंबवलेल्या, स्वच्छ चवीच्या बिअरला) लिटरमागे एक-दोन ग्रॅम हॉप्स पुरतात. गढूळ दिसणाऱ्या, आंब्या-संत्र्यासारखा वास येणाऱ्या हेझी आयपीएत (इंडिया पेल एल, म्हणजे हॉप्सचा जोर असलेली बिअर) हाच आकडा दहा-वीस ग्रॅमवर जातो. वर हॉप्सचा चोथा बरीच बिअर पिऊन बसतो, ती टाकीतच वाया जाते. त्यामुळे आयपीए महाग असेल तर त्यामागे खरा खर्च आहे. इम्पीरियल म्हणजे जास्त अल्कोहोलच्या स्टाउटला माल्ट जवळपास दुप्पट लागतं. लाकडी पिंपात मुरवलेली बिअर महिनोन् महिने जागा अडवते आणि त्या काळात थोडी उडूनही जाते. शिवाय अनेक देशांत करही अल्कोहोलच्या प्रमाणात चढतो.

लागरचं गणित उलटं. सामान साधं, पण शून्याच्या आसपासच्या थंडीत तिला काही आठवडे नुसतं पडू द्यावं लागतं. त्यात ती इतकी स्वच्छ असते की ब्रुअरची, म्हणजे बिअर बनवणाऱ्याची, एकही चूक झाकली जात नाही. हॉप्सचा किंवा कॉफीचा पडदा ओढायची सोय नाही. तरी लोक साध्या लागरला जास्त पैसे द्यायला तयार नसतात. त्यामुळे चांगल्या ब्रुअरीची लागर ही आमच्या मते शेल्फवरची सगळ्यात स्वस्तात मिळणारी कारागिरी आहे. विकण्यासाठी म्हणत नाही. तिच्यात आम्हाला फारसं सुटत नाही.

उरलेले पैसे कधी कधी फक्त 'मर्यादित आवृत्ती' या शिक्क्याचे आणि लेबलवरच्या चित्राचे असतात. हौस म्हणून घ्या, हरकत नाही.

आणि 'क्राफ्ट' हा शब्द? त्याने चवीची खात्री मिळत नाही. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनच्या व्याख्येप्रमाणे क्राफ्ट ब्रुअर 'लहान' असावा लागतो, पण वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत बिअर करणाराही 'लहान' ठरतो. लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे ७० कोटी!

तारीख वाचा, मग नाव

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक बिअर वाईट असल्याच्या नसतात, ती जुनी किंवा भाजलेली असल्याच्या असतात. 'भाजलेली' हा आमचा शब्द, उन्हाने बिघडलेलीसाठी.

हॉप्समधल्या कडू द्रव्यावर उजेड पडला की त्यातून एक गंधकयुक्त पदार्थ तयार होतो. त्याचा वास इतका उग्र असतो की परदेशात त्याला स्कंक या घाण वास सोडणाऱ्या प्राण्याचं नाव दिलंय. हे घरी करून बघता येतं. हॉप्सदार फिकट बिअर दोन काचेच्या ग्लासांत ओता, एक कपाटात ठेवा, दुसरा दहा मिनिटं कडक उन्हात. मग दोन्हींचा वास घ्या. पुन्हा कधी खिडकीतली हिरवी बाटली उचलणार नाही. तपकिरी काच बराच उजेड अडवते, हिरवी फार थोडा, पारदर्शक जवळजवळ नाहीच. कॅनमध्ये हा प्रश्नच येत नाही. कॅनची बिअर म्हणजे हलकी, हा समज आता सोडून द्यायला हवा.

आम्हीही यात तोंडावर आपटलोय. सुरुवातीच्या दिवसांत दुकान छान दिसावं म्हणून पिल्सनरच्या (हॉप्सदार फिकट लागरच्या) बाटल्या काचेजवळ मांडल्या होत्या. आठवडाभरात तीन ग्राहक त्याच बाटल्या परत घेऊन आले. तेव्हापासून दर्शनी खिडकीत फक्त रिकाम्या बाटल्या असतात.

उष्णतेसाठी ब्रुअऱ्यांमध्ये एक ठोकताळा वापरतात: ३, ३० आणि ३००. बिअर ३२ अंश सेल्सिअसला ३ दिवसांत जेवढी उतरते, तेवढी २२ अंशांना ३० दिवसांत आणि ३ अंशांना ३०० दिवसांत. म्हणून फ्रीजमधला कॅन आणि फ्रीजबाहेरचा कॅन यांची किंमत सारखी असली तरी माल सारखा नसतो. उतरलेल्या बिअरला आधी हॉप्सचा वास सोडून जातो, मग ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.

कॅनच्या तळाशी किंवा बाटलीच्या मानेवर तारीख शोधा. भरल्याची तारीख असेल तर उत्तम. आयपीए आणि पेल एल (एल म्हणजे लागरपेक्षा उबेत आंबवलेली बिअर, पेल म्हणजे फिकट) शक्यतो दोन-तीन महिन्यांच्या आतली घ्या. फक्त 'अमुक तारखेपूर्वी वापरा' असेल तर जरा सावध. ती मुदत किती महिन्यांची धरायची हे ब्रुअरीच ठरवते. मुदत जवळ आलेली आयपीए सवलतीत दिसली तर मोह टाळा, पण तशीच इम्पीरियल स्टाउट दिसली तर खुशाल उचला. जास्त अल्कोहोलच्या काळ्या बिअर चांगल्या ठेवल्या तर मुरतात. आम्ही स्वतः सवलतीच्या पेटीत आधी त्याच शोधतो.

सुरुवात कुठून?

नव्याच्या मागे लागण्याआधी प्रत्येक प्रकाराची एक जुनी, नावाजलेली बिअर चाखा, म्हणजे जिभेला मोजपट्टी मिळते. पिल्सनर म्हणजे काय ते १८४२ पासून बनणाऱ्या पिल्सनर उर्केलमध्ये कळतं: मऊ माल्ट आणि मागून येणारा स्वच्छ कडवटपणा. अमेरिकन पेल एलसाठी सिएरा नेवाडा, १९८० सालापासूनची. तिच्यातला ग्रेपफ्रूटसारखा वास कॅस्केड जातीच्या हॉप्सचा. गव्हाच्या बव्हेरियन बिअरला केळं आणि लवंगेचा वास येतो. लोकांना वाटतं वरून काही घातलंय, पण ती सगळी यीस्टची करामत. अशा बिअर भरपूर खपतात, त्यामुळे ताज्या मिळण्याची शक्यता जास्त आणि किंमतही आवाक्यात.

लेबलवरचा आयबीयू म्हणजे कडू द्रव्य लिटरमागे साधारण किती मिलिग्रॅम आहे याचा आकडा. तो एकट्याने फसवतो. ६० आयबीयूची गोडसर, जाड स्टाउट ४० आयबीयूच्या सडसडीत पिल्सनरपेक्षा कमी कडू लागू शकते. ऑनलाइन गुणांचंही तसंच: तिथे दणकट स्टाउट आणि हेझी आयपीए वर असतात, साध्या लागर खाली. एका घोटात डोळे विस्फारणारी बिअर आणि निवांत अख्खा ग्लास पिता येणारी बिअर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तीन ग्लासांची परीक्षा

महाग बिअर खरंच तेवढी चांगली आहे का, याचा निकाल लावायला एक खेळ आहे. तज्ज्ञही तो वापरतात. एकाच प्रकारातली एक महाग आणि एक स्वस्त बिअर घ्या, दोन्ही सारख्याच थंड. घरच्या कुणाला तरी सारखे दिसणारे तीन ग्लास भरायला सांगा: दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. तुम्ही पाठमोरे. मग वेगळा ग्लास कुठला ते ओळखा. नुसत्या अंदाजानेही तिनातून एकदा बरोबर येतं, म्हणून जागा बदलून तीन फेऱ्या करा. ग्लासात दोन-दोन घोट पुरतात. फेऱ्यांच्या मध्ये पाणी प्या. ओळखताच आलं नाही, तर स्वस्त बिअर घ्यायला तुम्ही मोकळे. ओळखता आलं आणि आवडली नेमकी स्वस्तवालीच, असंही आमच्या टेबलावर झालंय, आणि महाग बाटली आणणारा कर्मचारी अजून ते मान्य करत नाही.

बिअर ग्लासातच ओता. लागर ४ ते ७ अंशांना, एल आणि स्टाउट ८ ते १२ ला. बर्फगार बिअरमध्ये चव झोपलेली असते. स्टाउट फ्रीजमधून काढून जरा टेबलावर राहू द्या. ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर तो तेलकट आहे, बिअरला दोष देऊ नका.

कायद्याने ठरवलेल्या वयाखालच्या कुणालाही आम्ही बिअर देत नाही, ओळखपत्र मागितलं तर रागावू नका. गाडी चालवायची असेल तर चाखणंही नको. गरोदरपणात किंवा औषधं चालू असताना काय करायचं ते डॉक्टरांना विचारा.

या पत्रकाच्या मागे पाच रकाने छापलेत: नाव, प्रकार, भरल्याची तारीख, लिटरमागे पडलेली किंमत आणि 'शेवटचा घोट कसा होता'. पाच-सहा ओळी भरल्या की कागद घेऊन या. शेवटचा रकाना बघूनच आम्ही पुढची बिअर सुचवू.