तीस हमालांपासून एका सॅकपर्यंत : प्रवासी कॅमेऱ्याची पार्श्वभूमी

ट्रेकसाठी हलका कॅमेरा शोधणारा माणूस बहुतेक वेळा आधी बॉडीचे, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचे, वजन पाहतो. गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर ओझे ठरवणारी गोष्ट वेगळीच असल्याचे दिसते. चित्र ज्या पृष्ठभागावर उमटते, मग तो काचेचा असो, फिल्मचा असो वा डिजिटल कॅमेऱ्यातल्या सेन्सरचा, त्याचा आकार वाढला की लेन्स वाढते आणि लेन्समागोमाग बाकीचे सामानही वाढत जाते.

सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ च्या जुलैमध्ये सिमल्याहून हिमालयात शिरला, तेव्हा त्याच्याबरोबर सुमारे तीस हमाल होते. पुढच्या वर्षी काश्मीरला जाताना ते बेचाळीस झाले. तो काळ ओल्या कोलोडियनचा, म्हणजे काचेवर ओतायच्या चिकट द्रवाचा होता. तंबूतल्या अंधारात काचेवर कोलोडियन ओतायचे, काच एकेका कोपऱ्याकडे कलती करून त्याचा सारखा थर बसवायचा, मग ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि थर वाळण्याच्या आत, म्हणजे जेमतेम दहा-पंधरा मिनिटांत, चित्र घेऊन ते डेव्हलपही करायचे. त्यामुळे तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि काचांच्या पेट्या असे सगळेच डोंगरावर न्यावे लागे. काच लहान घेण्याचीही सोय नव्हती, कारण त्या वेळचा अल्ब्युमेन कागद इतका मंद होता की त्यावर चित्र मोठे करून छापणे व्यवहारात जमत नसे. काच कागदावर ठेवून उन्हात छाप घ्यायचा, म्हणजे जेवढे चित्र हवे तेवढीच काच न्यायची. बोर्नच्या काचा बारा बाय दहा इंचांच्या होत्या. १८६६ साली त्याने मणिरंग खिंडीत, सुमारे १८,६०० फुटांवर, चित्रे घेतली. त्या काचा तिथवर पाठीवरून नेणाऱ्यांचाही त्या चित्रांत वाटा आहे, असे मला मनापासून वाटते.

रिचर्ड मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये सुचवलेल्या कोरड्या जिलेटिन प्लेटमुळे पुढे अंधाऱ्या तंबूची गरज संपली, तर १८८८ च्या कोडॅक कॅमेऱ्यात शंभर चित्रांचा रोल आधीच भरलेला असे. परंतु खरे वळण आले ते जर्मनीतील वेट्झलार येथे. लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाक यांना दम्याचा त्रास होता आणि प्लेटचा जड कॅमेरा घेऊन डोंगरात फिरणे त्यांना झेपत नव्हते. त्यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंद फिल्म आडवी चालवली, सिनेमाच्या चौकटीच्या दुप्पट म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट घेतली आणि १९१४ च्या सुमारास एक छोटा नमुना तयार केला. तोवर वेगवान कागद आणि विजेचा दिवा आले होते, त्यामुळे लहान निगेटिव्हवरून मोठे चित्र काढता येत होते. बार्नाक यांची कल्पना टिकली ती या जोडीमुळे. १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत हा कॅमेरा लायका या नावाने बाजारात आला. त्याची ५० मिलिमीटर फोकल लांबीची (हा आकडा लहान तितका देखावा रुंद) लेन्स वापर नसताना बॉडीत ढकलून बसवता येई. २९ मे १९५३ रोजी एडमंड हिलरी यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर तेनसिंग यांचे छायाचित्र टिपले, तेही याच आकाराच्या फिल्मवर. त्यांचा घडी होणारा रेटिना कॅमेरा त्यांनी थंडीपासून जपण्यासाठी शर्टाच्या आत ठेवला होता.

पुढे ओझे पुन्हा वाढले, ते आरशामुळे. एसएलआर, म्हणजे लेन्समधून येणारे दृश्य आरशाने डोळ्यापर्यंत पोचवणाऱ्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलायला जागा लागते. निकॉनच्या एसएलआरच्या माउंटमध्ये, म्हणजे लेन्स बसवण्याच्या कड्यापासून फिल्मपर्यंत, हे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. लेन्स त्याहून जवळ नेता येत नाही, म्हणून २४ मिलिमीटरच्या वाइड लेन्सची रचना आडवळणाने आणि जास्त काचा घालून करावी लागते. ऑलिम्पसचे योशिहिसा मैतानी यांनी १९७२ मध्ये आरसा कायम ठेवूनच सुमारे पाचशे ग्रॅमचा ओएम-१ साकारला आणि त्याच्या बऱ्याच लेन्सना ४९ मिलिमीटरचा एकच फिल्टर बसेल, अशी रचना ठेवली. पाठीवर सामान घेऊन चालणाऱ्याचा इतका विचार त्याआधी फार थोड्यांनी केला असावा.

डिजिटल काळात आरसा काढता आला. ऑलिम्पस आणि पॅनासॉनिक यांनी २००८ मध्ये मायक्रो फोर थर्ड्स ही लहान सेन्सरच्या, बिनआरशाच्या कॅमेऱ्यांची पद्धत जाहीर केली. तिच्या सेन्सरचा कर्ण ३५ मिमी फिल्मच्या (२४ बाय ३६ च्या) चौकटीच्या निम्मा असतो, म्हणून तितकाच देखावा टिपायला निम्म्या फोकल लांबीची लेन्स पुरते. त्याची किंमतही मोजावी लागते. सेन्सरचे क्षेत्रफळ चौथाईच असल्याने कोकणकड्यावर सूर्य बुडाल्यानंतरच्या उजेडात चित्रातले दाणे लवकर दिसू लागतात.

सोनीचा पहिला ए-७ २०१३ मध्ये आला. त्यात पूर्ण चौकटीचा, म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटरचा, सेन्सर असूनही बॉडी बॅटरीसह ४७४ ग्रॅमची होती. अनेकांना वाटले, की आता तडजोडीची गरज उरली नाही. पण २०१६ मध्ये त्याच माउंटसाठी आलेली, भरपूर प्रकाश घेणारी २४-७० एफ/२.८ लेन्स एकटीच ८८६ ग्रॅमची होती. आरसा गेल्याने बॉडी हलकी झाली, तरी तेवढ्या मोठ्या चौकटीवर भरपूर प्रकाश पाडायचा तर काचही तेवढीच लागते. याउलट मायक्रो फोर थर्ड्समध्ये पॅनासॉनिकची १२-३२ लेन्स ७० ग्रॅमची आणि ऑलिम्पसची ४०-१५० लेन्स १९० ग्रॅमची आहे. ३५ मिमीच्या भाषेत २४ ते ३०० पर्यंतचा जवळजवळ सगळा पल्ला २६० ग्रॅममध्ये बसतो. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना दोन्ही हात कातळाला लागतात आणि कॅमेरा छातीवर लोंबत असतो. तिथे हा फरक मानेला थेट जाणवतो.

मोठ्या चौकटीचे उत्पादकही अखेर हलक्या लेन्सकडे वळले. २०२० मध्ये सोनीने १६७ ग्रॅमची २८-६० लेन्स आणली. तिचे ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे भोक, लहान असून चित्र घेण्यापूर्वी ती फिरवून बाहेर काढावी लागते आणि काम झाले की पुन्हा आत बसवता येते, म्हणजे १९२५ च्या लायकाच्या लेन्ससारखीच.